सागाच्या पानाची घडी घालून राहणारी अळी: पतंग कोणता? (ओळख पटली)

पळसपान | ५ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावात मी प्राथमिक शाळेत शिकवते. शाळेच्या कुंपणामागूनच सागाचं रोपवन सुरू होतं. झाडं सहा-सात वर्षांची आहेत. यंदा मृग वेळेवर बरसला, पंधरा दिवसांत झाडांना हातभर कोवळी पानं फुटली, आणि गेल्या आठवड्यापासून त्याच पानांच्या कडा वळलेल्या दिसायला लागल्या.

काल चौथीतल्या एका मुलीने असं एक पान आणून टेबलावर ठेवलं. पानाच्या कडेला अर्धगोल तुकडा कापून तो पानावरच उलटा दुमडला होता, पाकिटाचं झाकण लावतात तसा. तुकडा पूर्ण सुटा नव्हता, एका बाजूला बिजागरीसारखा जोडलेला होता. कडेने पांढऱ्या धाग्याचे टाके. नखाने टाके उसवले तर आत दीडेक सेंटिमीटरची अळी. पाठ काळपट, दोन्ही अंगांना नारिंगी-पांढरी रेघ. उजेड लागताच ती झरझर मागे सरकली आणि टेबलाच्या कडेवरून धाग्याला लटकली. घडी उसवताना माझी बोटं लाल झाली. सागाचं कोवळं पान चोळलं की होतात तशीच, पण मुलांना ते अळीचं रक्त वाटलं. मग सगळ्यांना एकेक कोवळं पान चोळायला दिलं.

आज आम्ही पाच अळ्या गोळा केल्या. तीन काळपट आहेत आणि दोन फिकट हिरव्या, पण घड्या पाचही जणींच्या सारख्याच. ही एकच जात की दोन? यातून कोणता पतंग निघेल? आणि वर्गात वाढवायच्या तर कशा? मुलं रोज विचारतात, मला नीट उत्तर द्यायचं आहे.

---

रानवेडा | ५ जुलै, रात्री १०:२५

ताई, ही सागाची नेहमीची जाळी करणारी अळी. आमच्या मेळघाटात दरवर्षी येते. पानाचा हिरवा भाग खाऊन नुसती शिरांची जाळी ठेवते. लांबून बघितलं तर भर पावसाळ्यात डोंगर वाळल्यासारखा तपकिरी दिसतो. इंग्रजीत तिला स्केलेटोनायझर म्हणतात. पतंग लहान, पिवळा असतो.

---

बांधावरचा | ६ जुलै, सकाळी ७:०५

पान गुंडाळणारी म्हणजे कपाशी-भेंडीवर येते तीच ना? आमच्याकडे भेंडीच्या पानाची तुतारी करून आत बसते. हिरवट, काचेसारखी आरपार दिसते. माझ्या बांधावर चाळीस साग आहेत, त्यांच्यावरही आत्ता पानं दुमडलेली दिसताहेत. कृषी केंद्रात विचारलं तर दुकानदाराने फवारणीचं औषध काढून दिलं. मारू का?

---

कोषातला | ६ जुलै, सकाळी ११:५०

बांधावरचे, फवारणी थांबवा. कारण पुढे लिहितो. आधी ओळख.

नुसतं खाल्लेलं पान पाहून अळी ओळखायला गेलं की गफलत होते. अळी पानात कशी राहते ते बघा, त्यातून जास्त कळतं. पळसपानताईंनी घडीचं वर्णन इतकं नेमकं केलं आहे की फोटो नसते तरी चाललं असतं.

कपाशी-भेंडीवरची अळी म्हणजे हरिटॅलोडिस डेरोगाटा. ती पान कापत नाही, अख्खं पान सुरळीसारखं गुंडाळते. तिचा चारा कपाशी, भेंडी, जास्वंद या कुळातला. सागाशी तिचं नातं नाही.

जाळी करणारी म्हणजे युटेक्टोना मॅकेरालिस. ती घडीही घालत नाही आणि पान कापतही नाही. पानावर रेशमाचा विरविरीत पडदा विणते आणि त्याखाली राहून शिरांमधला हिरवा गर खरवडते. मोठ्या शिरांपासून बारीक शिरांपर्यंत सगळं जाळं शाबूत राहतं. शिवाय तिला जून पानं लागतात. त्यामुळे तिचा जोर पावसाळ्याच्या उत्तरार्धात, साधारण ऑगस्टपासून पुढे दिसतो. रानवेडा, तुम्ही पाहिलेले तपकिरी डोंगर बहुतेक तिचेच. पण आत्ता जुलैच्या सुरुवातीला, कोवळ्या पानावर, कापलेल्या घडीत बसलेली ती नव्हे.

माझा अंदाज हिब्लिआ पुएरा. सागाची पानं फस्त करणारी म्हणून वनखात्यात हिचीच ख्याती. हिची अळी लहानपणी पानाच्या पृष्ठभागावरच, शिरेजवळच्या खळग्यात दोन-चार धागे ताणून राहते. तिसऱ्या अवस्थेपासून (म्हणजे दोनदा कात टाकून झाल्यावर) कडेला कापून घडी घालते आणि आत बसून खाते. जाड शिरा तेवढ्या टाकते, बाकी सगळं पान संपवते. पान संपलं की दुसरीकडे नवी घडी.

काळी आणि हिरवी हा प्रश्न उत्तम आहे. या अळीचा रंग बदलता असतो. झाडावर दाटी झाली की काळपट अळ्या जास्त, विरळ असल्या की हिरवट जास्त. पण माझ्या शब्दावर विसंबू नका. पाचही वाढवा, वेगवेगळ्या बरण्यांत. पतंग निघाला की प्रश्नच मिटला.

वाढवायचं असं: रुंद तोंडाची बरणी, तळाला टिपकागद, त्यावर मूठभर कोरडा सागाचा पाला, तोंडाला जुन्या मलमलीचं फडकं. रोज सकाळी ताजं कोवळं पान, आणि लेंड्या रोज काढायच्या. बरणीत वाफ धरली तर अळ्या मरतात, म्हणून पान ओलं असेल तर आधी पुसून घ्या. ऊन लागू देऊ नका.

---

केतकी_ठाणे | ६ जुलै, दुपारी १:१५

कोषातला, हिब्लिआ म्हणजे आमच्या तिवरांवर येते तीच का? ठाण्याच्या खाडीकाठी पावसाळा सरता सरता तिवरांची झाडं काही दिवसांत निष्पर्ण होतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, कोणी रसायन सोडलं पाण्यात.

---

कोषातला | ६ जुलै, दुपारी २:००

तीच. मुंबई-ठाण्याच्या तिवरांवर तिची साथ येते, आणि पुन्हा पालवी फुटून झाडं सावरतात. साग आणि तिवर दिसायला एकमेकांपासून किती लांब, पण अळीला दोन्ही चालतात. निर्गुडी आणि टेटूवरही ती वाढते. म्हणून सागावर कोवळं पान नसतं तेव्हाही जंगलात तिचं काही अडत नाही.

---

पळसपान | ७ जुलै, रात्री ८:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. बरण्यांवर मुलांनी क, ख, ग, घ, च अशी नावं लावली. क, ख, ग काळ्या, घ आणि च हिरव्या.

आज मधल्या सुट्टीत "घ" ला घडी घालताना पाहिलं. सांगायलाच हवं असं दृश्य होतं. पानाच्या कडेपासून आत, कंपासने आखावी तशी ती कुरतडत गेली आणि टोकाला बोटाच्या पेराएवढा भाग तसाच ठेवला. मग कापलेल्या तुकड्यावर मान टेकवून धागा चिकटवायचा, मान वळवून पानावर चिकटवायचा, पुन्हा तुकड्यावर. उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. एका मुलाने मोजायला घेतलं, शंभराच्या पुढे त्याचा हिशेब चुकला. प्रत्येक धाग्यासरशी तुकडा जरासा उचलला जात होता, आणि सुट्टी संपायच्या घंटेपर्यंत घडी पूर्ण मिटली. आत ती दिसेनाशी झाली, फक्त कुरतडल्याचा आवाज. बरणीला कान लावला की खरंच ऐकू येतो.

---

निळासागर | ७ जुलै, रात्री ११:१०

सुरेख लिहिलंत. मी इंग्लंडच्या दक्षिणेत राहतो, इथल्या ओकच्या जंगलात असाच एक पानं गुंडाळणारा पतंग आहे, टॉर्ट्रिक्स विरिडाना. पंख उघडून जेमतेम दोन सेंटिमीटर. पुढचे पंख पोपटी, मागचे राखाडी. खरंच पान गुंडाळणाऱ्या कुळातला. मे महिन्यात ओकखाली उभं राहिलं की धाग्यांना लोंबणाऱ्या हिरव्या अळ्या डोक्यावर येतात.

त्याचं आयुष्य मात्र सागावरच्या या पतंगापेक्षा फार वेगळं. वर्षाला एकच पिढी. जून-जुलैत मादी ओकच्या डहाळीवर अंडी घालते, ती अंडी सगळा हिवाळा तशीच राहतात आणि एप्रिलमध्ये कळ्या फुटायला लागल्या की उबतात. अळी चार दिवस आधी बाहेर आली तर खायला पान नाही, उशिरा आली तर पान जून झालेलं. निळ्या टिट पक्ष्यांची पिल्लं याच सुमाराला घरट्यात असतात आणि आईबाप अशाच अळ्या त्यांना भरवतात. कोष गुंडाळलेल्या पानातच होतो. तुमच्या अळीचा कोष कुठे होतो ते जरूर सांगा.

---

कोषातला | ८ जुलै, सकाळी ९:२०

निळासागर, दोघांत मोठा फरक हाच. ओकवरच्या पतंगाचं सगळं वेळापत्रक हिवाळ्याभोवती बांधलेलं. हिब्लिआला असा मुक्कामच नाही. अंड्यापासून पतंगापर्यंत उबदार हवेत तीन आठवडे, थंडीत पाच. कोवळं पान मिळत राहिलं की वर्षभर पिढ्यांमागून पिढ्या चालू.

एक मादी साधारण पाचशे, कधी हजारापर्यंत अंडी घालते. एकेक सुटं अंडं, कोवळ्या पानाच्या खालच्या अंगाला, शिरेजवळ. चपटं, पांढरट, एक मिलिमीटरचं. भिंग लागतं. दोन दिवसांत अळी बाहेर. पुढे पाच अवस्था, सगळ्या मिळून दहा-बारा दिवस.

---

मलयाळी_मराठी | ८ जुलै, संध्याकाळी ६:४५

मी नोकरीनिमित्त त्रिशूरला आहे. इथून जवळच पीची इथे केरळ वन संशोधन संस्था आहे आणि या एका पतंगावर तिथे कित्येक वर्षं काम झालं आहे. कारण उघड आहे: मलबारातलं निलांबूर. सागाची लागवड तिथे १८४० च्या दशकात सुरू झाली, आणि हा पतंगही त्या सागाला तितकाच ओळखीचा.

दोन गोष्टी सांगतो. पहिली, झाड मरत नाही पण वाढ खुंटते. निलांबूरच्या कोवळ्या रोपवनात काही झाडं अळीपासून वाचवली आणि काही तशीच सोडली. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खाल्लेल्या झाडांनी लाकडाची ४४ टक्के वाढ गमावलेली निघाली. म्हणून वनखातं चिंता करतं.

दुसरी गोष्ट मला जास्त भावते. साथ एकदम सगळीकडे येत नाही. वळवाचे पाऊस झाले की आधी काही ठिपक्यांसारख्या जागांवर अळ्या दिसतात, तिथून निघालेले पतंग थव्याने उठतात आणि पुढच्या पालवीवर उतरतात. काल हिरवी असलेली टेकडी आठवड्याभरात काठ्यांची होते, आणि शेजारची तशीच हिरवी राहते.

साथीच्या वेळी सागाखाली उभं राहिलंय का कोणी? आभाळ स्वच्छ असताना पाल्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. लेंड्या पडत असतात.

---

पळसपान | ८ जुलै, रात्री ९:००

अगदी! मागच्या शनिवारी आम्ही रोपवनात गेलो तेव्हा मी छत्री उघडली होती. सोबतचे वनरक्षक दादा म्हणाले, "पाऊस नाही पडून राहिला मॅडम, अळीच्या लेंड्या पडून राहिल्या." छत्रीवर काळे बारीक दाणे साचले होते. मुलांनी ते कागदावर झटकून घेतले आणि भिंगाखाली पाहिले. प्रत्येक दाण्यावर उभ्या खाचा आहेत.

---

बांधावरचा | ९ जुलै, सकाळी ६:५०

औषध परत करून आलो. पण कोषातला, कारण लिहिणार होता.

---

कोषातला | ९ जुलै, सकाळी १०:३०

क्षमस्व, राहून गेलं.

एक, अळ्या घडीत बसलेल्या असतात. फवारा पानावर पडतो, आत पोचेलच असं नाही. दोन, तुम्हाला घड्या ठळक दिसतात तेव्हा अळी मोठी झालेली असते. आठवड्याभरात ती खाणं थांबवून खाली उतरणार, म्हणजे औषधाचा खर्च वाया. तीन, आणि हे महत्त्वाचं: बांधावर या अळीचे वैरी हजर असतात. पक्षी तर आहेतच. शिवाय टॅकिनिड कुळातल्या माश्या आणि बारीक गांधीलमाश्या अळीच्या अंगावर किंवा अंगात अंडी घालतात. फवारणीत आधी त्या मरतात. आणि तिचा एक खास विषाणू आहे. त्याने मेलेली अळी पानाला उलटी लटकते, अंग पाणचट होऊन फुटतं आणि पानावरून तो इतर अळ्यांपर्यंत जातो. पीचीच्या संस्थेने याच विषाणूचा वापर करून साथ आवरण्याचं काम केलं आहे. तो फक्त याच अळीला लागतो, मधमाशीला नाही.

तुमचे चाळीस साग पुन्हा पालवी धरतील. दुसऱ्या फुटव्याची पानं थोडी लहान असतील इतकंच.

---

पळसपान | ११ जुलै, रात्री ९:१५

कालपासून चौघींनी खाणं सोडलं. साडेतीन-चार सेंटिमीटर झाल्या होत्या. क, ख आणि घ धाग्यावरून खाली उतरल्या आणि तळाच्या कोरड्या पाल्यात शिरल्या. पाल्याचे तुकडे रेशमाने जोडून आत विरळ कोष केला आहे. निळासागर, तुमचं उत्तर: हिचा कोष झाडावर नाही, जमिनीवर. "च" मात्र खाली गेलीच नाही, वरच्या हिरव्या पानाच्या घडीतच राहिली.

"ग" चं काहीतरी बिघडलं आहे. तिच्या डोक्यामागे पहिल्या दिवसापासून दोन पांढरे ठिपके होते, मला ते तिचे स्वतःचेच वाटले. आज ती आक्रसून पडली आहे आणि शेजारी तांबूस, गव्हाच्या दाण्यासारखं काहीतरी आहे.

---

कोषातला | ११ जुलै, रात्री ९:५०

ते दोन ठिपके माशीची अंडी होती. गव्हाचा दाणा म्हणजे माशीचा कोष. फेकू नका. बरणी झाकून ठेवा, तारीख लिहा. आणि "च" बद्दल: भर पावसात जमीन ओली असली की काही अळ्या हिरव्या पानातच कोष करतात. रानात अशा वेळी सागाखालच्या झुडपांची पानं तपासा.

---

पळसपान | १८ जुलै, सकाळी ७:३०

निघाले! आज शाळा उघडली तेव्हा क आणि घ, दोन्ही बरण्यांच्या फडक्याला आतून पतंग चिकटलेले. पण मला कळेना. तपकिरी-राखाडी, वाळक्या पानाच्या कपच्यासारखा. पंख घराच्या उतरत्या छपरासारखे मिटलेले. तोंडापुढे चोच असावी तसं टोक. रंग काहीच नाही. काळ्या "क" मधून आणि हिरव्या "घ" मधून निघालेले दोघे जवळजवळ सारखे, एवढं मात्र नक्की.

---

कोषातला | १८ जुलै, सकाळी ८:०५

फडक्यावर हलकी टिचकी मारा आणि मागचे पंख बघा.

---

पळसपान | १८ जुलै, सकाळी ८:४०

मारली. दोघांनीही पुढचे पंख बाजूला केले आणि खालून काळ्या रंगावर भडक नारिंगी पट्टे! मुलं ओरडली. एका क्षणात पंख पुन्हा मिटले आणि पुन्हा वाळकं पान.

---

कोषातला | १८ जुलै, सकाळी ९:००

हिब्लिआ पुएरा, शंका नाही. काळ्या मागच्या पंखावरचे नारिंगी पट्टे आणि पुढे आलेली चोच. डच कीटकतज्ज्ञ क्रॅमरने १७७७ मध्ये तिचं वर्णन केलं, नावातलं 'पुएरा' तेव्हापासूनचं. पंख उघडून साधारण साडेतीन सेंटिमीटर भरतील, मोजून सांगा. काळी अळी आणि हिरवी अळी एकच, हे तुमच्या मुलांनी आता स्वतः सिद्ध केलं.

---

पळसपान | २१ जुलै, रात्री ८:००

मोजले: "क" ३.४ आणि "घ" ३.६ सेंटिमीटर. ख आणि च सुद्धा निघाले, तेच पट्टे. चौघांना काल संध्याकाळी रोपवनाच्या कडेला, निर्गुडीपाशी सोडलं. वनरक्षक दादा आधी कुरकुरले, मग स्वतःच फडकं सोडलं.

आज "ग" च्या दाण्यातून माशी निघाली. घरमाशीपेक्षा थोडी मोठी, अंगभर राठ काळे केस. पतंगांच्या वेळी ओरडणारी मुलं तिच्यापुढे गप्प बसून होती. जी मुलगी पहिलं पान घेऊन आली होती तिने विचारलं, "हिला पण सोडायची ना?" सोडली, त्याच झाडाखाली.

---

बांधावरचा | २ ऑगस्ट, सकाळी ७:१०

चाळीसपैकी अडतीस सागांना नवी पालवी आहे. उरलेल्या दोन झाडांना माझ्या म्हशीने साल घासलं होतं, तो दोष अळीचा नाही.

---

पळसपान | ९ ऑक्टोबर, रात्री ९:३०

धागा वर काढते आहे, कारण रानवेडा यांना सांगायचं राहिलं होतं.

पुन्हा फुटलेली पानं आता जून होऊन खरखरीत झाली आहेत, आणि गेल्या आठवड्यात त्यांच्यावर तपकिरी डाग आले. आज मुलांना घेऊन गेले. कोणीतरी म्हणालं, "मॅडम, घडीवाली परत आली." पहिल्या पानाच्याच मुलीने पान उजेडासमोर धरलं आणि म्हणाली, "नाही. घडी कुठे आहे? शिरा सगळ्या तशाच आहेत." पानावर बारीक रेशमी पडदा होता आणि त्याखाली बोटाच्या पेराएवढी हिरवट अळी, दोन्ही अंगांना जांभळट पट्टे. शेजारच्या पानाच्या खाली पतंग बसलेला मिळाला. फिकट पिवळा, पंखांवर तांबड्या नागमोडी रेघा, दोन-सव्वादोन सेंटिमीटरचा.

रानवेडा, तुमची जाळी करणारी ती हीच. जुलैत नव्हती, आता आली आहे. बरण्या पुन्हा धुऊन ठेवल्या आहेत, या वेळी नावं ट, ठ, ड, ढ.

---

रानवेडा | ९ ऑक्टोबर, रात्री १०:०५

फार आनंद झाला. आमच्याकडचे डोंगर याच आठवड्यात तपकिरी झाले आहेत. उद्या सकाळी पान उजेडासमोर धरून बघतो आणि इथेच लिहितो.